थिएटरमधला पॉपकॉर्न इतका महाग का? आणि घरचा डबा आत नेता येतो का?

जुलै २०२३ मध्ये नोएडातल्या एका मल्टिप्लेक्समधलं बिल ट्विटरवर जोरात फिरलं. चीज पॉपकॉर्न ४६० रुपये, कोल्ड्रिंक ३६० रुपये, एकूण ८२०. बिल टाकणाऱ्या पत्रकाराचं म्हणणं एवढंच होतं, की एवढ्या पैशांत ओटीटीचं जवळपास वर्षभराचं सबस्क्रिप्शन येतं. लोकांनी ते इतकं उचलून धरलं की पीव्हीआर आयनॉक्सला उत्तर द्यावं लागलं. काही दिवसांतच सोमवार ते गुरुवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ६ या वेळेत ९९ रुपयांपासून खाण्याचे कॉम्बो आले.

आता ही वेळ नीट वाचा. सोमवार ते गुरुवार, ऑफिस आणि शाळेच्या तासांत. ज्या शनिवारी संध्याकाळी आई-बाबा पोरांना घेऊन सिनेमाला जातात, त्या शनिवारी हा दर नव्हता. वीकेंडसाठी ऑफर होती ती हवा तितक्या वेळा टब भरून घेण्याची, म्हणजे आधी मोठा टब विकत घ्यायचा आणि मग पुन्हा भरून घ्यायचा.

यावर दरवेळी दोनच प्रतिक्रिया येतात. एक, ‘ही लूट आहे’. दुसरी, ‘परवडत नसेल तर खाऊ नका’. दोन्ही बोलायला सोप्या आहेत. पण तीनशे रुपयांचा पॉपकॉर्न नेमका कशामुळे तीनशेला पोहोचतो, कायदा काय सांगतो आणि महाराष्ट्रात यावरून रस्त्यापासून हायकोर्टापर्यंत जे झालं त्यातून हाती काय लागलं, हे बघायला हवं.

तिकिटाचे पैसे थिएटरच्या खिशात जात नाहीत?

जातात, पण अर्धेच. समजा तिकीट ३०० रुपयांचं आहे. १०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे साधारण ४६ रुपये सरकारकडे गेले. उरले २५४. यातला मोठा हिस्सा सिनेमाच्या वितरकाला आणि त्याच्यामार्फत निर्मात्याला जातो.

हा हिस्सा किती असावा यावरून २००९ मध्ये मोठं भांडण झालं होतं. एप्रिल ते जून असे जवळपास दोन महिने हिंदी निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सना नवे सिनेमे दिलेच नाहीत. शेवटी तडजोड झाली. पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यानंतर ३० टक्के. सिनेमागणिक यात फरक पडू शकतो, पण ढोबळ गणित असंच धरलं जातं. आता बहुतेक सिनेमांची निम्म्याहून जास्त कमाई पहिल्याच आठवड्यात उरकते. म्हणजे गर्दी असते तेव्हा थिएटरचा वाटा सगळ्यात कमी असतो. आपल्या ३०० रुपयांच्या तिकिटातले साधारण १२७ रुपये थिएटरला मिळाले. त्यातून मॉलचं भाडं, एसीचं वीजबिल, स्टाफचे पगार.

आता तेवढ्याच किमतीचा पॉपकॉर्न घ्या. त्यावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे १४ रुपये. उरलेले २८६ रुपये पूर्ण थिएटरचे. सिनेमात शाहरुख असो की सलमान, पॉपकॉर्नमध्ये कुणाचाही वाटा नाही. कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या साधारण पाव हिश्शाच्या आसपास धरला जातो. तो वजा केला तरी दोनशेच्या आसपास हातात राहतात. तिकीट आणि टब दोन्ही ३०० चे, पण मालकाच्या दृष्टीने त्यांची किंमत सारखी नाही.

आकड्यांतही हेच दिसतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षात पीव्हीआर आयनॉक्सने तिकिटांतून साधारण ३,२८० कोटी रुपये मिळवले आणि खाण्यापिण्यातून १,९५८ कोटी. त्या वर्षी सरासरी तिकीट होतं २५९ रुपयांचं आणि प्रत्येक प्रेक्षकामागे खाण्यापिण्याचा सरासरी खर्च १३२ रुपये. चार जणांचं कुटुंब धरलं तर सरासरीने १,०३६ रुपये तिकिटांचे आणि ५२८ खाण्याचे, एकूण १,५६४. पार्किंग आणि रिक्षा वेगळी.

पण १३२ हा आकडा थोडा फसवा आहे. यात काहीही न घेता थेट सीटवर जाऊन बसणारेही धरलेले आहेत. म्हणजे जे काउंटरवर उभे राहतात, त्यांचं बिल यापेक्षा बरंच जास्त असतं.

मग तिकीटच वाढवा ना, पॉपकॉर्न कशाला?

कारण तिकीट शंभराने वाढवलं तर त्यातले निम्मे वितरकाला द्यावे लागतात आणि वर प्रेक्षक दारातूनच परत जातो. तिकिटाचा दर ॲपवर दिसतो, त्याची तुलना होते. पॉपकॉर्नचा दर कळतो तो आत गेल्यावर, पोराने हात ओढायला सुरुवात केल्यावर.

अर्थशास्त्रात यावर गंभीरपणे काम झालंय. रिकार्ड गिल आणि वेस्ली हार्टमन या दोघांनी स्पेनमधल्या एका थिएटर साखळीची आकडेवारी तपासून २००९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष साधारण असा होता, की सिनेमासाठी जास्त पैसे मोजायची ज्यांची तयारी असते, तेच खाण्यावरही जास्त खर्च करतात. त्यामुळे खाणं महाग ठेवून तिकीट त्या मानाने स्वस्त ठेवता येतं, आणि ज्याला फक्त सिनेमा बघायचाय त्याला तो कमी पैशांत बघता येतो. थोडक्यात, शेजारच्या सीटवरचा नाचोजवाला तुमच्या तिकिटाचा थोडा भार उचलतोय.

युक्तिवादात तथ्य आहे. राष्ट्रीय सिनेमा दिनाला हेच मोठ्या प्रमाणावर दिसतं. २३ सप्टेंबर २०२२ ला देशभर तिकीट ७५ रुपये केलं आणि एका दिवसात ६५ लाखांहून जास्त लोक थिएटरात आले. तिकिटात फार काही उरलं नसेल, पण एवढी माणसं इंटरव्हलला बाहेर पडली तर काउंटरवर काय होतं याचा अंदाज करता येतो.

पण हा हिशेब कॉलेजच्या ग्रुपला जसा लागू होतो तसा सहा वर्षांच्या पोराला घेऊन आलेल्या आईला लागू होत नाही. डायबेटिसवाल्या आजोबांना तर नाहीच. त्यांना अडीच-तीन तासांत काहीतरी खावंच लागतं. तिथे ‘ज्याची ऐपत तो घेतो’ हे गणित मोडतं आणि ‘ज्याला गरज तो घेतो’ हे सुरू होतं.

आणि हे सगळं एका अटीवर उभं आहे. बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही. गेटवर बॅग तपासली नाही, तर तीनशेच्या टबला मॉलबाहेरच्या वीस रुपयांच्या पुड्याशी स्पर्धा करावी लागेल.

गंमत म्हणजे सुरुवातीला थिएटरवाल्यांना पॉपकॉर्न नकोच होता. अमेरिकेत मूकपटांच्या काळात भारी गालिचे घातलेल्या सिनेमागृहांना तो कचरा वाटायचा. मग १९२९ नंतरची महामंदी आली. रस्त्यावरचे विक्रेते पाच-दहा सेंटला पुडा विकून धंदा करत होते आणि थिएटरं रिकामी पडत होती. मालकांनी आधी विक्रेत्यांना लॉबीत जागा भाड्याने दिली, मग स्वतःच मशीन लावलं. आज जो बाहेर अडवला जातो, त्याच्याकडूनच हा धंदा शिकलेला आहे.

२०१८ : महाराष्ट्रात नेमकं काय झालं होतं?

‘महाराष्ट्रात बाहेरचं खाणं न्यायला परवानगी आहे, सरकारने जाहीर केलंय’ असा फॉरवर्ड आजही फिरतो. त्याचं मूळ २०१८ मध्ये आहे.

मुंबई उच्च न्यायालयात एक जनहित याचिका होती. प्रश्न साधा होता : बाहेरचे खाद्यपदार्थ अडवणारा असा कुठला कायदा किंवा नियम आहे का? सुनावणीत न्यायालयाने मल्टिप्लेक्समधल्या चढ्या दरांबद्दल सरकारलाच विचारलं, की यावर नियंत्रण का आणता येत नाही. त्यानंतर जूनच्या अखेरीस मनसेचे कार्यकर्ते पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये घुसले. व्यवस्थापकाला मारहाण झाली आणि तो व्हिडिओ सगळीकडे पोहोचला. दर जास्त आहेत हे खरं, पण मार खाल्लेल्या माणसाने ते ठरवलेले नव्हते हेही तितकंच खरं.

१३ जुलै २०१८ ला नागपूरच्या पावसाळी अधिवेशनात तेव्हाचे अन्न व नागरी पुरवठा राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी सांगितलं, की मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यावर बंदी नाही आणि अडवलं तर कारवाई होईल. टीव्हीवर ब्रेकिंग, व्हॉट्सॲपवर जल्लोष. त्याच महिन्यात मल्टिप्लेक्सचे प्रतिनिधी राज ठाकरेंना भेटले आणि पाणी, चहा, समोसा, वडा, पॉपकॉर्न अशा काही गोष्टी ५० रुपयांत देण्याची तयारी दाखवल्याच्या बातम्या आल्या.

आणि ऑगस्टमध्ये? त्याच सरकारने हायकोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं, की यात हस्तक्षेप करण्याची गरज वाटत नाही. बाहेरचं खाणं येऊ दिलं तर सुरक्षेचा प्रश्न निर्माण होऊ शकतो, असंही त्यात होतं. अधिवेशनात एक, कोर्टात दुसरं. न्यायमूर्ती रणजित मोरे आणि न्यायमूर्ती अनुजा प्रभुदेसाई यांच्या खंडपीठाने यावर विचारणा केली, की बाकी सार्वजनिक ठिकाणी खाणं नेता येतं, मग थिएटरमध्येच सुरक्षेचा धोका कुठून येतो? घरचं अडवून तुम्ही कुटुंबांना जंक फूड खायला लावताय, आणि थिएटरचं काम सिनेमा दाखवणं आहे, खाणं विकणं नाही, अशा आशयाची टिप्पणीही झाली.

बातम्यांमध्ये ही टिप्पणी ‘निकाल’ असल्यासारखी छापून आली. पण सुनावणीत न्यायाधीश जे बोलतात ते आणि शेवटी आदेशात जे लिहिलं जातं ते, यात फार अंतर असतं. फॉरवर्ड करणाऱ्यांनी ते ध्यानात घेतलं नाही.

मग आजचा कायदा काय आहे?

आजचा कायदा म्हणजे ३ जानेवारी २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय. जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्येच तिथल्या थिएटरांना बाहेरचं खाणं अडवू नका असा आदेश दिला होता. थिएटरमालक सुप्रीम कोर्टात गेले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पी. एस. नरसिम्हा यांच्या खंडपीठाने तो आदेश रद्द केला.

न्यायालयाचं म्हणणं असं, की थिएटर ही खासगी मालमत्ता आहे, सार्वजनिक हिताला बाधा येत नसेल तर आत कोणत्या अटींवर प्रवेश द्यायचा हे मालक ठरवू शकतो. कुठला सिनेमा, कुठलं थिएटर हे प्रेक्षक निवडतो, आत गेल्यावर काही विकत घ्यायची सक्ती त्याच्यावर नाही. या सुनावणीत सरन्यायाधीशांनी दिलेलं जिलेबीचं उदाहरण गाजलं. कुणी जिलेबी आणली आणि पाकाची बोटं सीटला पुसली, तर सफाईचा खर्च कुणी करायचा?

पण दोन गोष्टी न्यायालयाने नोंदवून घेतल्या आणि त्या फॉरवर्डमध्ये क्वचितच दिसतात. पहिली, सर्व प्रेक्षकांना पिण्याचं शुद्ध पाणी मोफत मिळालं पाहिजे. दुसरी, लहान बाळासाठी आणलेलं खाणं अडवायचं नाही, वाजवी प्रमाणात ते नेऊ द्यायचं.

म्हणजे थिएटरने मनाई केली असेल, तर घरून डब्यात नेलेल्या पोळीभाजीसाठी गेटवर हुज्जत घालून उपयोग नाही. बाळाच्या खिमटीसाठी मात्र ठामपणे बोलता येतं.

पाण्याची बाटली छापील दरापेक्षा जास्त दराने विकता येते?

इथे जरा गुंता आहे. आधी सोपा भाग. टबातला पॉपकॉर्न, कपातलं कोल्ड्रिंक, प्लेटमधला समोसा यांवर एमआरपी नसते, कारण ते आधीपासून पॅक केलेले नाहीत. एमआरपीचा कायदा सीलबंद पाकिटाला लागू होतो. त्यामुळे तिथे दर काय ठेवायचा हे विक्रेत्याच्या हातात. कोल्ड्रिंकची बाटली हातात न देता कपात ओतून का देतात, याची बाकीही कारणं असतील, पण हा फायदा त्यात आहेच.

सीलबंद वस्तूंसाठी पूर्वी एक पळवाट होती. तीच बाटली, तेच पाणी, पण थिएटर आणि विमानतळासाठी लेबलवर वेगळी, मोठी एमआरपी छापून यायची. केंद्राने वैध मापनशास्त्राच्या नियमांत बदल करून १ जानेवारी २०१८ पासून एकाच वस्तूवर अशा दोन एमआरपी छापायला मनाई केली.

मात्र त्याच्या तीन आठवडे आधी, १२ डिसेंबर २०१७ ला, सुप्रीम कोर्टाने हॉटेल आणि रेस्टॉरंटना एमआरपीपेक्षा जास्त दराने पाणी विकायला मुभा दिली होती. तिथे गिऱ्हाईक फक्त बाटली घेत नाही, टेबल, खुर्ची, वेटर अशी सेवाही घेतो, हा त्यामागचा विचार. मल्टिप्लेक्सच्या काउंटरवर रांग लावून, स्वतः बाटली उचलून सीटपर्यंत नेण्यात अशी कुठली सेवा असते, हा प्रश्न ग्राहकांनी विचारायलाच हवा.

जीएसटीचं चित्र जास्त स्पष्ट आहे. जुलै २०२३ च्या परिषदेत थिएटरमधल्या खाण्यावर रेस्टॉरंटप्रमाणे ५ टक्के कर असं ठरलं. डिसेंबर २०२४ मध्ये खारा, पॅकबंद आणि कॅरामल पॉपकॉर्नवर ५, १२ आणि १८ टक्के अशा दरांवरून मीम्सचा पूर आला होता. पण थिएटरमध्ये सुटा मिळणारा पॉपकॉर्न ५ टक्क्यांतच होता. तेव्हा तुमच्या टबाची किंमत निर्मला सीतारामन यांच्यामुळे वाढलेली नाही.

तिकिटावर मर्यादा आणली तर?

कर्नाटकने सप्टेंबर २०२५ मध्ये तिकिटासाठी कर वगळून २०० रुपयांची मर्यादा आणली. हायकोर्टाने तिला स्थगिती दिली आणि प्रकरण नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. तिथे न्यायाधीशांनीच पाण्याच्या बाटलीला १०० आणि कॉफीला ७०० रुपये लावता, असं सुनावलं आणि असंच चाललं तर थिएटरं ओस पडतील असा इशारा दिला. थिएटरच्या वकिलांचं उत्तर ठरलेलं होतं. ताजमध्ये कॉफीला हजार लावतात, तिथे दर ठरवून देणार का?

ताजचं उदाहरण दरवेळी येतं, आणि दरवेळी ते थोडं लंगडं पडतं. ताजमध्ये माणूस कॉफीसाठीच जातो. थिएटरात तो सिनेमासाठी जातो आणि कॉफीपुरता अडकतो. पण फक्त तिकिटावर टोपी घातली तर तो तोटा काउंटरवरून वसूल होणार, हेही वरच्या गणितावरून उघड आहे.

याची झळ मराठी सिनेमाला जास्त बसते. दर महिन्याला एकदाच थिएटरला जायचं बजेट असलेलं घर दीड-दोन हजार मोजताना आधी मोठा हिंदी सिनेमा निवडतं. मराठीचा नंबर ‘ओटीटीवर येईल तेव्हा बघू’मध्ये लागतो. नाटकाला जाणाऱ्यांना हे वेगळं जाणवतं. दादरच्या शिवाजी मंदिरात मध्यंतरातला बटाटावडा हा नाटकाच्या आनंदाचाच भाग असतो, त्याच्यासाठी बजेट मोडावं लागत नाही.

स्टेडियममध्ये तरी बरं आहे का?

तिथे प्रश्न जास्त गंभीर आहे, कारण तिथे ऊन असतं. २४ ऑक्टोबर २०२४, पुण्याजवळचं गहुंजे स्टेडियम, भारत-न्यूझीलंड कसोटीचा पहिला दिवस. बहुतेक स्टँडवर छप्पर नाही, बाहेरून पाणी आणायला मनाई आणि आतलं पाणी संपलेलं. प्रेक्षकांनी असोसिएशनविरुद्ध घोषणा दिल्या. पाणी आणणाऱ्या गाड्या ट्रॅफिकमध्ये अडकल्याचं कारण पुढे आलं आणि महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनला माफी मागावी लागली.

बाटली अडवण्यामागे स्टेडियमवाल्यांकडे खरं कारण आहे. १९९६ च्या वर्ल्ड कपची ईडन गार्डन्सवरची सेमीफायनल आठवत असेल. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. पण बाटली गेटवर काढून घेतली, की पाणी देण्याची जबाबदारी आपोआप आयोजकांवर येते. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये बीसीसीआयने देशभरातल्या मैदानांवर मोफत पाणी जाहीर केलं होतं. वानखेडेवर तर मुंबई क्रिकेट असोसिएशनने प्रत्येक प्रेक्षकाला एकदा पॉपकॉर्न आणि कोल्ड्रिंक फुकट द्यायचं ठरवलं.

दर कमी ठेवून धंदा होतो का, याचं सगळ्यात चर्चेतलं उत्तर अमेरिकेतल्या अटलांटा शहरात आहे. २०१७ मध्ये तिथे मर्सिडीज-बेंझ स्टेडियम उघडलं तेव्हा ते चालवणारे आर्थर ब्लँक यांनी हॉटडॉग, पाण्याची बाटली, पुन्हा पुन्हा भरून मिळणारं कोल्ड्रिंक अशा गोष्टी २ डॉलरला ठेवल्या. जुन्या स्टेडियमच्या तुलनेत दर साधारण निम्मे झाले, पण प्रत्येक प्रेक्षकाचा खाण्यावरचा खर्च १६ टक्क्यांनी वाढला. लोक लवकर यायला लागले, जास्त वेळा काउंटरवर जायला लागले. गोल्फमधल्या मास्टर्स स्पर्धेत तर पिमेंटो चीज सँडविच कित्येक वर्षं दीड डॉलरला मिळतंय.

भारतातल्या मल्टिप्लेक्सवाल्यांना हे माहीत नाही असं नाही. फरक मालकीचा आहे. अटलांटात स्टेडियम चालवणाराच ‘फाल्कन्स’ टीमचा मालक आहे, खाण्यात कमी उरलं तरी तिकीट, स्पॉन्सर आणि टीमची किंमत यांतून त्याला भरून काढता येतं. मल्टिप्लेक्सकडे तिकिटाचा अर्धा वाटा, पडद्यावरच्या जाहिराती आणि पॉपकॉर्न, एवढंच आहे.

तुम्ही काय करू शकता?

मोफत पाणी मागा. ‘पाणी कुठे आहे?’ या प्रश्नावर काउंटरकडे बोट दाखवलं तर पुन्हा विचारा, कूलर बऱ्याचदा वॉशरूमच्या बाजूच्या कोपऱ्यात असतो. बाळाचं खाणं अडवलं तर सुप्रीम कोर्टाच्या जानेवारी २०२३ च्या निर्णयाचा उल्लेख करून मॅनेजरशी बोला, गेटवरच्या सिक्युरिटीशी वाद घालू नका. औषधं किंवा आजारपणामुळे वेळेवर खावं लागत असेल तर प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि शो सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवा.

सीलबंद वस्तू छापील दरापेक्षा जास्त दराने दिली तर बिल घ्याच. बाटलीवरच्या एमआरपीचा आणि बिलाचा एकत्र फोटो काढा. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते, तसंच राज्याच्या वैध मापनशास्त्र विभागाकडेही. टबातल्या पॉपकॉर्नच्या किमतीची तक्रार मात्र तिथे चालणार नाही, कारण त्यावर छापील किंमतच नसते.

आणि कॉम्बो घेण्याआधी त्यातल्या वस्तूंचे सुटे दर मेन्यूवर बघून घ्या. आपल्याला नको असलेलं मोठं कोल्ड्रिंक त्यात बसवलेलं असेल, तर स्वस्तात मिळालं म्हणून जास्तच खर्च होतो.